'परमिशन डिनाइड': चार ओळींच्या एका सल्ल्याचं परीक्षण

आज परीक्षण लिहितेय ते कुठल्या पेपरचं नाही, पुस्तकाचंही नाही. टर्मिनलवर चौकटीत उमटणाऱ्या चार ओळींचं आहे. हसू नका. पीएचडीच्या काळात तुम्ही जेवढे पेपर वाचाल त्यापेक्षा जास्त एरर मेसेज वाचाल, आणि पेपर जसा नीट वाचायला शिकावं लागतं तसाच एरर मेसेजही.

जावास्क्रिप्टची साधनं वापरली असतील तर ही चौकट तुम्ही पाहिली असण्याची शक्यता आहे. 'अपडेट-नोटिफायर' नावाचं एक छोटं पॅकेज अनेक कमांड-लाइन साधनांच्या पोटात असतं. नवी आवृत्ती आली का, हे ते अधूनमधून तपासतं आणि त्याची नोंद तुमच्या होम फोल्डरातल्या .कॉन्फिग या फोल्डरात, 'कॉन्फिगस्टोअर' नावाच्या उपफोल्डरात ठेवतं. तिथे लिहिता आलं नाही की चौकट उमटते. तिचा मराठीत आशय असा: अपडेट तपासता आलं नाही. सुडो लावून पुन्हा चालवून पाहा, नाहीतर पुढच्या कमांडने त्या नोंदींपर्यंत प्रवेश मिळवा. शेवटच्या ओळीत कमांड असते: सुडो, मग चौन, मग -आर, मग तुमचं युजरनेम आणि ग्रुप, आणि शेवटी .कॉन्फिग फोल्डरचा पत्ता.

कॉपी, पेस्ट, पासवर्ड, एंटर. चौकट गायब. प्रश्न मिटला?

माझं म्हणणं असं की एरर मिटली, निदान झालंच नाही. हा फरक कळला नाही तर तो पुढे डेटा साफ करताना, मॉडेल बसवताना, रिझल्ट लिहिताना सगळीकडे नडतो. मला नडलाय. ते पुढे सांगतेच.

आधी थोडी उजळणी

ज्यांना हे पाठ आहे त्यांनी पुढच्या भागावर उडी मारली तरी चालेल.

लिनक्स किंवा मॅकवर प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि एक ग्रुप असतो. परवानग्या तीन जणांसाठी लिहिलेल्या असतात: मालक, ग्रुपमधले आणि बाकी सगळे. प्रत्येकाला तीन गोष्टी देता येतात: वाचणं, लिहिणं, चालवणं. त्यांचे आकडे ४, २ आणि १. म्हणजे ६४४ चा अर्थ मालकाला वाचता-लिहिता येतं, इतरांना फक्त वाचता येतं. ७०० म्हणजे सगळं मालकाला, बाकीच्यांना काहीच नाही. ७७७ म्हणजे या, बसा, घर आपलंच आहे.

परवानगी बदलणारी कमांड चमॉड, म्हणजे 'चेंज मोड'. मालक बदलणारी चौन, म्हणजे 'चेंज ओनर'. दोन्ही जुन्या आहेत. युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या मॅन्युअलातही त्या सापडतात. आणि सुडो म्हणजे पुढची कमांड सर्वाधिकारी युजर म्हणून, म्हणजे रूट म्हणून चालवणं.

एक गोष्ट मात्र उजळणीतही बऱ्याच जणांची सुटते. फोल्डरवरची लिहिण्याची परवानगी म्हणजे त्या फोल्डरात नवी फाइल करणं, जुनीचं नाव बदलणं किंवा ती काढून टाकणं. त्यामुळे फोल्डर तुमचा असेल, तर आतली रूटच्या मालकीची साधी फाइलसुद्धा तुम्ही सुडोशिवाय काढू शकता. तिच्यात लिहू शकत नाही, पण ती बाजूला करू शकता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सल्ल्यात चांगलं काय आहे

परीक्षण म्हटलं की आधी लेखकाला न्याय द्यायचा.

पहिलं, हा सल्ला परवानगी सैल करत नाही, मालकी दुरुस्त करतो. तुमच्या होम फोल्डरातली तुमच्या प्रोग्रामची सेटिंग तुमच्याच नावावर हवी, ही भूमिका बरोबर आहे. आजूबाजूला सर्रास दिला जाणारा '७७७ करून टाक' हा सल्ला यापेक्षा कितीतरी वाईट.

दुसरं, कमांड विचारपूर्वक लिहिली आहे. ग्रुपचं नाव गृहीत धरलेलं नाही, ते आयडी नावाच्या कमांडकडून विचारून घेतलं आहे. उबुंटूवर साधारणपणे तुमच्याच नावाचा ग्रुप असतो, मॅकवर 'स्टाफ' असतो. दोन्हीकडे कमांड चालते. शिवाय युजरनेमची जागा तुमचा शेल सुडो सुरू व्हायच्या आधी भरतो, म्हणून तिथे रूट न येता तुमचंच नाव येतं. ज्याने लिहिलं त्याने घाईत लिहिलेलं नाही.

तरीही माझे चार आक्षेप आहेत.

आक्षेप पहिला: ज्याने दुखणं आलं तेच पहिलं औषध

रूटच्या मालकीच्या फाइली तुमच्या .कॉन्फिगमध्ये येतात कुठून? बहुतेक वेळा तुम्हीच कधीतरी तेच साधन सुडो लावून चालवलेलं असतं. पॅकेज इन्स्टॉल होईना, कुणीतरी म्हणालं 'सुडो लाव', तुम्ही लावलं. प्रोग्राम रूट म्हणून चालला, पण 'होम कुठे आहे' याचं उत्तर त्याला तुमचंच होम मिळालं. त्याने तिथे फोल्डर केला आणि त्यावर रूटचं नाव लागलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सुडोशिवाय आलात आणि आपल्याच घराला कुलूप.

मॅकवर सुडो तुमच्या होमचा पत्ता तसाच ठेवतो. उबुंटूवर १९.१० च्या आधीच्या आवृत्त्यांत तसंच होतं. नंतर सुडोखाली होम म्हणजे रूटचं होम असा बदल झाला. म्हणून तीच चूक एका मशीनवर नडते, दुसऱ्यावर नाही. 'माझ्याकडे तर चाललं' या वाक्याचा उगम बऱ्याचदा अशा ठिकाणी असतो.

आता सल्ल्यातला क्रम बघा. पहिला पर्याय काय? सुडो लावून चालवा. म्हणजे त्या फोल्डरात रूटच्या आणखी फाइली. आज चालेल, उद्या पुन्हा अडेल, परवा तुम्हाला प्रत्येक कमांडआधी सुडो लावायची सवय लागेल.

आक्षेप दुसरा: कारण विचारलेलंच नाही

चौकट सांगते की लिहिता आलं नाही. का आलं नाही, ते सांगत नाही. ते बघायलाही सांगत नाही. एलएस कमांडला -एल लावून त्या फोल्डरचा मालक बघा, एवढी एक ओळ पुरली असती.

कारण मालकी हे एकच कारण नसतं. डिस्क भरलेली असू शकते. विद्यापीठाच्या सर्व्हरवर तुमचा कोटा संपलेला असू शकतो. फाइल सिस्टीम केवळ वाचनासाठी माउंट झालेली असू शकते. किंवा मालक तुम्हीच आहात, पण लिहिण्याची परवानगी गेली आहे. तिथे चौनचा काही उपयोग नाही. डिस्क किंवा कोटा भरला असेल तर खरी एरर वेगळी असते, पण आपण 'लिहिता येत नाही' एवढंच वाचतो आणि ठरलेली कमांड मारतो.

आणि मालक दिसतो तो नावाने, सिस्टीम मात्र आकडा ठेवते. उबुंटूवर पहिल्या युजरचा आकडा १०००, मॅकवर ५०१. जुन्या लॅपटॉपवरचं होम बाह्य डिस्कवरून नव्यावर आणलंत आणि आकडे जुळले नाहीत, तर मालकाच्या जागी नावाऐवजी नुसता आकडा दिसतो. इथे रूटचा संबंधच नाही. डॉकरमध्ये रूट म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामने तुमच्या जोडलेल्या फोल्डरात लिहिलं, तर तिथेही रूटच्या फाइली येतात. त्या तुम्ही कितीदा दुरुस्त केल्यात तरी कंटेनर कुठल्या युजरने चालतो हे बदलेपर्यंत पुन्हा येतच राहणार. दुखणं वरून सारखं, कारणं चार.

आक्षेप तिसरा: गरज एका खोलीची, ताबा अख्ख्या वाड्याचा

अडचण कॉन्फिगस्टोअर या एका उपफोल्डरात आहे. कमांड मात्र अख्ख्या .कॉन्फिगवर चालते, आणि -आर असल्यामुळे आतल्या प्रत्येक फाइलवर. तुमच्या वैयक्तिक लॅपटॉपवर बहुतेकदा यातून नुकसान होणार नाही, हे मान्य. पण 'बहुतेकदा' हा शब्द लिहून ठेवा. -आर मागे काही ठेवत नाही. आधी कोणती फाइल कुणाची होती याची कुठेच नोंद राहत नाही. रूटची फाइल नेमकी कोणती होती, तिची तारीख काय होती, यावरून 'हे कुठल्या प्रोग्रामने, कधी केलं' हे कळलं असतं. तो पुरावाच गेला.

हा धोका केवळ नवख्यांना असतो असंही नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये एनपीएमची ५.७.० ही आवृत्ती आली. ती सुडोने चालवली की काही लिनक्स मशीनवर ईटीसी, यूएसआर, बूट अशा सिस्टीमच्या फोल्डरांची मालकीच बदलत होती. काही जणांना अख्खी सिस्टीम नव्याने बसवावी लागली. लगोलग ५.७.१ आणून ती चूक सुधारली गेली. साधन बनवणाऱ्यांनाही मालकी बदलणारा कोड हातातून निसटू शकतो, तर पेस्ट करणाऱ्या आपण किती जपायला हवं?

आक्षेप चौथा: सल्ला कुणाला उद्देशून आहे?

हा सल्ला गृहीत धरतो की मशीन तुमचं आहे आणि सुडो तुमच्या हातात आहे. संशोधनाला लागलात की तुमचं निम्मं काम सामायिक सर्व्हरवर असेल. तिथे तुम्हाला सुडो नसतं, आणि लिनक्सवर फाइलचा मालक बदलणं हे साध्या युजरला करताच येत नाही, स्वतःची फाइल असली तरी. अशा ठिकाणी ही चौकट तुम्हाला काहीच देत नाही.

मग मुलं काय करतात? स्वतःच्या हातात जेवढं आहे तेवढं करतात. म्हणजे चमॉड. म्हणजे ७७७.

माझी गोष्ट

पहिल्या वर्षी लॅबच्या सर्व्हरवर एका प्रोग्रामला माझ्या सेटिंगच्या फोल्डरात लिहिता येईना. शुक्रवार संध्याकाळ. एका परिषदेसाठी पेपर पाठवायची मुदत रविवारी रात्री. मी एलएस करून बघितलं नाही. होम फोल्डरात उभी राहिले आणि चमॉड -आर ७७७ मारलं. माझ्या मालकीचं सगळं, तळापासून, सगळ्यांना खुलं. प्रोग्राम चालू झाला, सिम्युलेशन लावलं, लॅपटॉप मिटला आणि घरी गेले.

शनिवारी सकाळी लॉगिन होईना.

गंमत बघा. मी सगळ्यांसाठी दार उघडलं आणि सर्व्हरने फक्त मला बाहेर ठेवलं. आमच्या सर्व्हरवर पासवर्ड चालत नाही, एसएसएच की लागते. एसएसएचचा सर्व्हर लॉगिनच्या आधी तपासतो की तुमच्या होममध्ये किंवा चाव्यांच्या यादीत दुसरा कुणी लिहू शकतो का. लिहू शकत असेल तर तो ती यादी मानतच नाही, कारण कुणीही तिथे आपली चावी टाकून ठेवली असेल. 'स्ट्रिक्ट मोड्स' नावाची ही सेटिंग मुळातच चालू असते. त्याचं बरोबरच होतं. माझं चुकलं होतं.

सिस्टीम सांभाळणारे सर सोमवारी आले. तोवर मुदत गेली नव्हती असं नाही. पेपर पाठवला, पण जुन्या रनचे आकडे घालून. नवा रन सर्व्हरवर पूर्ण होऊन पडला होता आणि मला तो दिसत नव्हता. पेपर नाकारला गेला, आणि एका परीक्षकाने बोट ठेवलं ते नेमकं त्याच आलेखावर.

त्याहून जास्त लागलं ते नंतरचं. सरांनी लॉगिन सुरू करून दिलं, पण आधी कोणत्या फाइलला काय परवानगी होती हे कुणालाच सांगता येईना. ७७७ ने सगळं एकसारखं करून टाकलं होतं. चमॉडमध्ये मोठा एक्स वापरला तर चालवण्याची परवानगी फक्त फोल्डरांना आणि आधीच चालवता येणाऱ्या फाइलींना मिळते, पण माझ्या तर सगळ्याच फाइली आता 'चालवता येणाऱ्या' झाल्या होत्या. शेवटी फाइंड कमांडने फोल्डर वेगळे काढून त्यांना ७५५, साध्या फाइलींना ६४४, .एसएसएच फोल्डरला ७००, खासगी कीला ६००, आणि स्क्रिप्ट एकेक आठवून. आणि तीन दिवस माझा कच्चा डेटा त्या सर्व्हरवरच्या कुणालाही बदलता येत होता. कुणी बदलला नसणार. पण 'नसणार' हे प्रबंधात लिहिता येत नाही. मी तो मूळ उपकरणावरून पुन्हा उतरवून घेतला आणि चेकसम जुळवले. दोन आठवडे गेले.

चांगला सल्ला कसा असता?

आक्षेप घेणाऱ्याने पर्यायही द्यायला हवा. मी ती चौकट लिहिली असती तर साधारण असं सांगितलं असतं.

१. एरर पूर्ण वाचा. त्यात ज्या फाइलचा किंवा फोल्डरचा पत्ता आहे तो उतरवून घ्या. अडचण तिथे आहे, अख्ख्या होममध्ये नाही.

२. बघा, हात लावू नका. एलएस -एल ने त्या फाइलचा मालक आणि परवानगी बघा. -डी जोडून तिच्या फोल्डरचीही बघा. मग आयडी कमांडने स्वतः कोण आहात ते बघा. दोन्ही जुळत नाहीत की परवानगी कमी आहे, हे इथेच ठरतं. जागा आणि कोटा याच पायरीवर तपासून घ्या.

३. व्याप्ती मोजा. फाइंड कमांडला होम फोल्डर आणि '-युजर रूट' द्या. रूटच्या मालकीचं काय काय आहे याची यादी मिळेल. दोनच फाइली आहेत की दोन हजार, यावर पुढचं ठरतं.

४. आधीची स्थिती नोंदवा. लिनक्सवर गेटएफएसीएल कमांड -आर लावून चालवली आणि उत्तर एका फाइलीत साठवलं, की मालक, ग्रुप, परवानग्या सगळं कागदावर येतं. गडबड झाली तर सेटएफएसीएलच्या रिस्टोअर पर्यायाने परवानग्या परत बसवता येतात. माझ्याकडे ही एक फाइल असती तर स्क्रिप्ट एकेक आठवत बसावं लागलं नसतं.

५. लहानात लहान बदल करा. फाइल रूटची पण फोल्डर तुमचा असेल आणि ती नुसती कॅश असेल, तर बाजूला सरका आणि प्रोग्रामला नवी करू द्या. सुडो लागणारच नाही. फोल्डरच रूटचा असेल तर चौन करा, पण फक्त तेवढ्याच उपफोल्डरावर.

६. कारण बंद करा. साधन सुडोने का चालवावं लागलं होतं? जागतिक पॅकेजं सिस्टीमच्या फोल्डरात जात असतील, तर ती होममध्ये जातील अशी व्यवस्था करा. पायथन असेल तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरा. ही पायरी गाळलीत तर पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्या पायरीवर याल.

सुडो नसलेल्या सर्व्हरवर असाल तर पाचव्या पायरीऐवजी सिस्टीम सांभाळणाऱ्यांना मेल करा. 'सर, चालत नाहीये' असा नव्हे. पत्ता, एरर जशीच्या तशी, एलएस आणि आयडीचं उत्तर, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. दोन मिनिटांत होणारं काम असेल तर माणूस दोन मिनिटांत करतो.

याचा संशोधनाशी संबंध?

सगळाच. आलेखात एक बिंदू रेषेबाहेर पडला की तो 'आउटलायर' म्हणून खोडायचा, हे डेटाचं ७७७ आहे. बिंदू का पडला हे बघितलं नाही, आधीची प्रत ठेवली नाही, आणि बदल गरजेपेक्षा मोठा केला. एरर गेली, आलेख छान दिसला. आणि सहा महिन्यांनी गाइड विचारतात, 'इथे काय होतं?' तेव्हा सांगायला काही नाही.

म्हणून त्या चौकटीवरचा माझा शेरा असा: हेतू चांगला, कमांड नेटकी, पण आधी बघायला सांगत नाही म्हणून संशोधकाने जशीच्या तशी पाळू नये. पेपर असता तर 'मोठ्या दुरुस्त्यांसह स्वीकारावा' असं लिहिलं असतं.

आणि जाताना एक काम करा. तुमच्या कच्च्या डेटाच्या फाइलींवरची लिहिण्याची परवानगी काढून टाका, चमॉडला 'ए-उणे-डब्ल्यू' सांगून. नुसत्या फाइलींची नको, त्या ज्या फोल्डरात आहेत त्याचीही, नाहीतर फाइल बदलता आली नाही तरी खोडता येते. वर सांगितलं होतं ते हेच. मग एखाद्या रात्री तुमचीच स्क्रिप्ट त्या डेटावर लिहायला जाईल आणि टर्मिनल म्हणेल, परमिशन डिनाइड. त्या रात्री ते तुम्हाला अडवत नसेल, वाचवत असेल.